यहेज्केलचा रथ: ज्यू काय वाचतात, ख्रिस्ती काय वाचतात?

ऋतुगंधा

मंडळी, बायबलच्या जुन्या करारातलं यहेज्केल संदेष्ट्याचं पुस्तक कुणी वाचलंय का? पहिल्याच अध्यायात माणूस गांगरून जातो. बाबेलच्या मुलखात खबार नदीकाठी, जेरुसलेमहून धरून आणलेल्या लोकांच्या वस्तीत हा याजक राहतोय. उत्तरेकडून वावटळ येते, मोठा ढग, आत धगधगती आग. आगीत चार जिवंत प्राणी. प्रत्येकाला चार तोंडं: माणसाचं, उजवीकडे सिंहाचं, डावीकडे बैलाचं, शिवाय गरुडाचं. प्रत्येकाला चार पंख. शेजारी चाकं, चाकात चाक, आणि धावांवर सगळीकडे डोळेच डोळे. वर स्फटिकासारखा घुमट, त्यावर नीलमण्याचं सिंहासन, आणि त्यावर "माणसासारखं दिसणारं काहीतरी".

सध्या तौलनिक धर्माचा एक ऑनलाइन वर्ग करतेय. तिथे कळलं की ख्रिस्ती परंपरेत ही चार तोंडं म्हणजे मत्तय, मार्क, लूक आणि योहान, म्हणजे येशूचं चरित्र सांगणारी चार शुभवर्तमानं. ज्यू परंपरेत तर हा अध्याय चारचौघांत शिकवायलाच मनाई.

माझं मत आधीच सांगून टाकते: ख्रिस्ती अर्थ सरळसरळ चिकटवलेला आहे. दर्शन इ.स.पू. ५९३ चं. शुभवर्तमानं त्यानंतर ६५० हून अधिक वर्षांनी लिहिली गेली. त्या बिचाऱ्याला लूक कोण हे काय ठाऊक? पटतंय का? नसेल तर का नाही?

बिनपगारी

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. 🍿

उडती_तबकडी

ताई, एवढा विचार कशाला? चाकात चाक, चार पाय, आगीचा लोळ, कानठळ्या बसवणारा आवाज. लँडिंग आहे ते! १९७० च्या दशकात नासाच्या एका इंजिनिअरने, ब्लूमरिश त्याचं नाव, या वर्णनावरून अख्ख्या यानाचा आराखडा काढला होता. आपल्याकडे पुष्पक विमान, त्यांच्याकडे हे.

पोथीबाज

आलं का विमान! तिसऱ्याच प्रतिसादाला. मी दहाव्याची पैज लावली होती.

तबकडीराव, तो आराखडा एका गोष्टीवर आपटतो. यहेज्केल याजक होता, आणि त्याला दिसलेलं निम्मंअधिक सामान मंदिरातलं आहे. राजे पहिल्या पुस्तकाचा सातवा अध्याय काढा. शलमोनाच्या मंदिरात पाण्याच्या गंगाळांसाठी पितळी चौरंग होते, दहा. त्यांच्या फळ्यांवर कोरलेलं होतं काय? सिंह, बैल आणि करूब, म्हणजे पंखवाले स्वर्गीय प्राणी. खाली चाकं, आणि मजकूर म्हणतो की ती चाकं रथाच्या चाकांसारखी होती. आस, धाव, आरे, तुंबा, सगळं ओतीव. गाभाऱ्यात कोशावर, म्हणजे कराराच्या पवित्र पेटीवर, पंख पसरलेले करूब होतेच. पहिल्या इतिहासात तर "करूबांचा रथ" असेच शब्द आहेत. त्यामुळे परग्रहावरचं यान शोधायची गरज नाही. ज्या मंदिरात सेवा करायला तो जन्मला आणि जिथे त्याला आता पाय ठेवता येत नाही, ते मंदिर पेटून, पंख फुटून त्याच्याकडे चालत आलंय.

आता तारखा जुळवा, कारण सगळी मेख तिथेच आहे. बाबेलचा राजा नबुखद्नेस्सरने इ.स.पू. ५९७ मध्ये यहूदाच्या यहोयाखीन राजाला आणि वरच्या थरातल्या लोकांना उचलून बाबेलला नेलं. दर्शन पाचव्या वर्षी, ५९३ मध्ये. मंदिर पडलं ५८६ मध्ये. म्हणजे दर्शन झालं तेव्हा मंदिर उभंच होतं. देव मंदिरात राहतो आणि आपण शेकडो कोस लांब, मग आपलं गाऱ्हाणं ऐकणार कोण, हा त्या वस्तीचा प्रश्न. त्यावर त्याला दिसतं काय, तर सिंहासनाला चाकं आहेत! चारही दिशांना, मान न वळवता जाणारी. पुढे आठ ते अकरा या अध्यायांत हेच तेज मंदिर सोडून निघतं, उंबरठ्यावर थांबतं, पूर्वेच्या दारापाशी थांबतं आणि शहराच्या पूर्वेकडच्या डोंगरावर जाऊन उभं राहतं. त्रेचाळीसाव्या अध्यायात पूर्वेकडूनच परत येतं.

ऋतुगंधा, तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर: हा पहिला अर्थ. ज्यू आणि ख्रिस्ती दोन्ही वाचनं नंतरची आहेत. "चिकटवलं" म्हणायचं तर दोघांनाही म्हणा.

अडाणी_आनंदी

वाचनखूण साठवली. उंबरठ्यावर थांबणारा देव हे फार आवडलं. जाताना पाय निघत नाही त्याचा.

शनवारतेली

पोथीबाज, मांडणी छान. पण "दोघांनाही म्हणा" एवढ्यावर आम्हाला गुंडाळू नका. मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातला मराठी ज्यू, मूळ गाव अलिबागजवळ, आता ठाण्यात. आयडी बघून कळलंच असेल. शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली म्हणून कोकणात आमचं नाव पडलं ते हे.

आमच्याकडे या दर्शनाला "मासे मर्काव्हा" म्हणतात, रथाचं प्रकरण म्हणा. मासे म्हटल्यावर कोकणी माणसाने ताटाकडे बघू नये. मिश्ना हा आमच्या नियमांचा जुना संग्रह, त्यातला हगीगा ग्रंथ, दुसरा अध्याय: निषिद्ध संबंधांचे नियम तिघांना एकत्र शिकवू नयेत, सृष्टीच्या उत्पत्तीचं प्रकरण दोघांना नको, आणि रथाचं प्रकरण एकट्यालाही नको, तो स्वतःच्या बुद्धीने समजणारा शहाणा असेल तरच. म्हणजे मनाई आहे ती उलगडून शिकवायला. वाचायला नाही.

ही मनाई का, त्याच्या गोष्टी तालमुदात, म्हणजे मिश्नावरच्या रब्बींच्या (धर्मपंडितांच्या) चर्चांच्या ग्रंथात आहेत. एक मुलगा गुरुजींच्या घरी यहेज्केल वाचत बसला होता. आगीच्या गाभ्यात चमकणारा जो पदार्थ आहे, हश्मल, तो काय हे त्याच्या ध्यानात आलं. त्याच क्षणी आग निघाली आणि त्याला जाळून गेली. दुसरी गोष्ट चौघांची. चौघे पंडित "बागेत", म्हणजे या गूढ विद्येत, शिरले. बेन अज्जायने पाहिलं आणि मेला. बेन झोमाने पाहिलं आणि डोकं फिरलं. एलिशा बेन अबुयाने रोपं कापली, म्हणजे धर्म सोडला. एकटे रब्बी अकीवा सुखरूप आत गेले आणि सुखरूप बाहेर आले. चारांत एक, हे प्रमाण बघून मीही लांबच राहतो.

उलट बाजूही आहे. रब्बी योहानान बेन झक्काय गाढवावरून चालले होते, मागे शिष्य एलाझार बेन अराख. शिष्य रथाबद्दल बोलू लागला तसे गुरुजी गाढवावरून उतरले, अंगावर वस्त्र घेतलं आणि जैतुनाच्या झाडाखाली बसले. असं काही कानावर पडत असताना गाढवावर बसून राहायचं? मग आकाशातून आग उतरली आणि झाडं गाऊ लागली. त्या आगीने कुणाला जाळलं नाही.

बिनपगारी

थोडक्यात: सिलॅबसमध्ये आहे, परीक्षेला येणार नाही, आणि सरांना विचारलं तर वर्ग पेटेल.

वसईचा_केळीवाला

मी कॅथलिक, त्यामुळे आता माझी पाळी.

ऋतुगंधाताई, "लूक कोण हे यहेज्केलला काय ठाऊक" हा मुद्दा ऐकायला बरा वाटतो, पण चार शुभवर्तमानं यहेज्केलच्या मनात होती असं कुणी म्हणतच नाही. मधला दुवा तुम्ही गाळलात, तो म्हणजे नव्या करारातल्या शेवटच्या पुस्तकाचा, प्रकटीकरणाचा, चौथा अध्याय. पात्म बेटावर योहानाला स्वर्गात सिंहासन दिसतं. भोवती मेघधनुष्य, समोर स्फटिकासारखा समुद्र आणि चार प्राणी: सिंह, बैल, माणसाच्या तोंडाचा, आणि उडत्या गरुडासारखा. इथे प्रत्येकाला एकच तोंड. पंख मात्र सहा, ते यशया संदेष्ट्याच्या दर्शनातल्या सराफीम देवदूतांकडून आले. अंगभर डोळे, ते यहेज्केलच्या चाकांवरचे. आणि चौघं रात्रंदिवस म्हणतात "पवित्र, पवित्र, पवित्र", तेही यशयाचं. लिहिणारा स्वतः ज्यू ग्रंथांत मुरलेला होता. त्याने चोरी केली नाही, त्याच भाषेत तो बोलत होता.

इरेनेयस या बिशपने इ.स. १८० च्या सुमाराला हे चार प्राणी चार शुभवर्तमानांशी जोडले ते एका भांडणात. कुणी म्हणत होते एकच शुभवर्तमान पुरे, कुणी नवनवी आणत होते. तो म्हणाला: दिशा चार, मुख्य वारे चार, करूबांची तोंडं चार, तशी शुभवर्तमानं चारच, ना कमी ना जास्त.

पोथीबाज

केळीवाले, पण इरेनेयसची वाटणी सांगा ना! त्याच्याकडे सिंह योहानाचा आणि गरुड मार्कचा. नंतरचे धर्मपंडित ऑगस्टीन आणि जेरोम घ्या. ऑगस्टीनकडे सिंह मत्तयाचा आणि माणूस मार्कचा. जेरोमने सिंह मार्कला दिला आणि गरुड योहानाला, तेच पुढे चाललं. बैल तेवढा तिघांकडेही लूककडेच राहिला, गरीब बिचारा. आधी घरात ठरवा सिंह कुणाचा.

वसईचा_केळीवाला

हा हा, मान्य. पण जेरोमचं कारण ऐकण्यासारखं आहे. तो प्रत्येक पुस्तकाची सुरुवात बघतो. मत्तय वंशावळीने सुरू होतो म्हणून माणूस. मार्क रानात ओरडणाऱ्याच्या वाणीने, म्हणून सिंह. लूक मंदिरात सेवा करणाऱ्या जखऱ्या याजकाने, म्हणून यज्ञाचा बैल. योहान थेट "प्रारंभी शब्द होता" म्हणत झेपावतो, म्हणून गरुड. व्हेनिसचा पंखवाला सिंह तो हाच, कारण ते शहर मार्कचं. आमच्या चर्चच्या खिडक्यांत चौघं आहेत. लहानपणी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, लांबली की मी त्या बैलाचे पंख मोजत बसायचो.

आणि चौघांची बेरीज एकच निघते. पोप ग्रेगरी म्हणतो की चारही तोंडं ख्रिस्ताचीच: जन्माने माणूस, मरणात यज्ञाचा बैल, पुनरुत्थानात सिंह, स्वर्गारोहणात गरुड. चाकात चाक म्हणजे जुन्या कराराच्या आत नवा करार.

शनवारतेली

हेच ते! "जुन्याच्या आत नवा". आमचं चाक तुमच्या चाकाचं वेष्टन झालं. चिडून म्हणत नाही, पण ज्याचं पुस्तक आहे त्याला हे ऐकताना काय वाटत असेल याचा विचार केलाय का?

वसईचा_केळीवाला

केलाय. आणि हे वाक्य पुढे तुमच्याविरुद्ध फार वाईट प्रकारे वापरलं गेलं, हेही नाकारत नाही. पण ग्रेगरी ही प्रवचनं देत होता तेव्हाची परिस्थिती बघा. ५९३ च्या आसपासची गोष्ट, लोम्बार्ड फौज रोमच्या वेशीवर. शेवटी शेवटी तो प्रवचनातच सांगतो की हात तोडलेले लोक आपल्याकडे परत येताहेत, काहींना कैद केलंय, काही मारले गेलेत, आता मला पुढे उलगडून सांगणं जमत नाही. आणि थांबतो. तिकडे इ.स.पू. ५९३, इकडे इ.स. ५९३. वेढ्यात अडकलेला माणूस हे पुस्तक उघडतो तो वाद घालायला नाही.

अडाणी_आनंदी

अंगावर काटा आला.

टेकडीवरचा

शनवारतेली, थोडं तुमच्या अंगणात येऊन बोलतो, हलके घ्या. "चिकटवणं" तुमच्याकडेही भरपूर आहे. बाराव्या शतकातला ज्यू तत्त्वज्ञ मायमोनिडीझ, तुमचा रंबम, या रथाचा अर्थ लावताना सरळ ॲरिस्टॉटल घेऊन येतो. सृष्टीचं प्रकरण म्हणजे भौतिकशास्त्र, रथाचं प्रकरण म्हणजे तत्त्वज्ञान. प्राणी आणि चाकं यांतून तो आकाशातले फिरते गोल आणि खालची चार महाभूतं सुचवतो. सुचवतो म्हणतो, कारण मिश्नाची मनाई मोडायची नाही म्हणून तो मुद्दाम अर्धवट वाक्यं लिहितो. यहेज्केलला लूक ठाऊक नव्हता, मग ॲरिस्टॉटल कुठे ठाऊक होता? तोही २०० वर्षांनंतरचा!

शनवारतेली

😄 बरोबर नेम धरलात. पण आमच्याच अबरबानेल या भाष्यकाराने याच मुद्द्यावर रंबमला धारेवर धरलंय. आमच्यात वाचन असतं आणि शेजारीच त्या वाचनाला हाणणारं वाचन असतं. एकाच पानावर छापतो आम्ही दोन्ही.

आणि चार तोंडांचं म्हणाल तर आमच्याकडेही जोड्या आहेत. इब्न एझ्रा हा भाष्यकार एक जुनी परंपरा सांगतो: वाळवंटात इस्राएलच्या चार छावण्यांची चार निशाणं होती. रूबेनचा माणूस, यहूदाचा सिंह, एफ्राइमचा बैल, दानचा गरुड. तालमुदातल्या रेश लाकीश या रब्बीचं वेगळंच: श्वापदांचा राजा सिंह, गुरांचा बैल, पक्ष्यांचा गरुड, या सगळ्यांवर मिजास करणारा माणूस, आणि परमेश्वर या सगळ्यांच्या वर. म्हणजे चारही मिजासखोर सिंहासनाखाली जुंपलेले.

बिनपगारी

माणसालाही जुंपलंय हे वाचून सोमवारी ऑफिसला जायचं बळ आलं.

नगरची_मावशी

मी प्रोटेस्टंट घरातली, वडील पाळक होते, त्यामुळे खिडक्यांतले बैल-सिंह आमच्या वाट्याला आले नाहीत. आमच्याकडे हा अध्याय चाकांवरून समजावायचे. प्रोटेस्टंट सुधारक कॅल्विनने आयुष्याच्या शेवटी यहेज्केलवर व्याख्यानं दिली, विसाव्या अध्यायापर्यंत आला आणि १५६४ मध्ये वारला. त्याच्या मते ही चाकं म्हणजे जगातल्या उलथापालथी. राज्यं येतात, बुडतात, खालून बघणाऱ्याला सगळा गोंधळ वाटतो, पण चाकांत प्राण्यांचा आत्मा आहे आणि प्राण्यांना देव चालवतो. वडील बाकी काही सांगायचे नाहीत, एवढंच: "डोळे कुठे आहेत बघ, धावेवर. जिथे चाक चिखलाला लागतं तिथे."

एक शंका. सिंहासनावरचं ते "माणसासारखं दिसणारं" त्याचं काय? आम्ही तर सरळ ख्रिस्त म्हणतो, देह धारण करण्याआधीचा. ज्यू लोक काय म्हणतात?

टेकडीवरचा

मावशी, खरी ठिणगी इथेच आहे. प्राणी नि चाकं राहू द्या बाजूला.

यहेज्केल शब्द किती जपून वापरतो ते बघा: "परमेश्वराच्या तेजाच्या प्रतिमेचं दर्शन". देव दिसला असं तो म्हणत नाही, प्रत्येक शब्दागणिक एक पाऊल मागे सरतो. ख्रिस्ती वाचक तिथे म्हणतो की अदृश्य देवाची दृश्य प्रतिमा म्हणजेच पुत्र. ओरिगेन या जुन्या ख्रिस्ती पंडिताला तर पहिल्याच ओळीत खूण सापडते: तिसावं वर्ष, नदीकाठ, आकाश उघडलं. येशूही सुमारे तीस वर्षांचा असताना यार्देनेच्या पाण्यातून वर येतो आणि आकाश उघडतं.

रब्बींना नेमकी याचीच धास्ती होती. जुन्या करारातल्या दानीएलच्या पुस्तकाच्या सातव्या अध्यायात "आसनं मांडली गेली" असं अनेकवचन आहे. रब्बी अकीवा म्हणाले, एक देवासाठी, एक दावीदासाठी. त्यावर गालीलचे रब्बी योसे कडाडले, अकीवा, दैवी सान्निध्याला किती दिवस असं सामान्य करणार? आणि तो बागेत शिरलेला एलिशा, त्याने वर मेटाट्रोन नावाच्या देवदूताला बसलेलं पाहिलं. वर तर कुणी बसत नाही अशी शिकवण! तो म्हणाला, न जाणो, दोन सत्ता असतील की काय. संपला तिथेच. आणि मेटाट्रोनला आगीचे साठ फटके पडले.

बिनपगारी

खुर्चीवर बसला म्हणून साठ फटके? आमच्या इथे सरकारी कचेरीत उलट आहे.

शनवारतेली

टेकडीवरचे, आता मला बोलायला ठेवलंत काय! फक्त एक पुस्ती. सिंहासनावरचं ते रूप आम्ही नाकारत नाही. त्याला नाव द्यायचं नाकारतो.

उडती_तबकडी

अवांतर: शनवारतेली, अलिबागजवळ आकाशातल्या रथाच्या खुणा आहेत असं ऐकलं होतं, खरं का? (विमान म्हणत नाहीये!)

शनवारतेली

अवांतरच, पण गोड अवांतर. अलिबागजवळच्या खंडाळ्याला (घाटातलं खंडाळा नव्हे!) एक खडक आहे, त्यावर खुणा आहेत. आमच्यातल्या श्रद्धेप्रमाणे एलियाहू हन्नबी म्हणजे एलिया संदेष्टा तिथे आला आणि तिथूनच वर गेला, त्याच्या घोड्याच्या टापांच्या नि रथाच्या चाकांच्या त्या खुणा. लोक "टापा" म्हणतात. नवस फेडायला जातात, मलिदा करतात: भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर फळं.

पण हा रथ वेगळा. राजे दुसऱ्या पुस्तकातला, एलियाला घेऊन जाणारा अग्निरथ. यहेज्केलचा रथ कुणाला घेऊन जायला आलेला नाही. सामान्य माणसाला मात्र एलियाचाच जवळचा वाटतो, आणि मलिदा त्याच्याच नावाने मिळतो.

पोथीबाज

अवांतरात भर. बेने इस्राएलांमध्ये यहेज्केल हे नाव "हसाजी" म्हणून चालायचं ना? मुंबईतलं पहिलं सिनेगॉग (ज्यू प्रार्थनास्थळ), शाआर हारहामिम, १७९६ चं, ते बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर. त्या प्रार्थनास्थळाला लोक मशीद म्हणत, आणि मस्जिद बंदर स्टेशनाचं नाव त्यावरूनच पडलं असं सांगतात. शिवाय पुण्याच्या लाल देवळाचे, म्हणजे तिथल्या सिनेगॉगचे, बगदादी ज्यू ज्या मुलखातून आले, त्याच इराकमध्ये अल-किफ्ल गावी यहेज्केलची कबर दाखवतात. तिला ज्यूंबरोबर मुसलमानही मानत आले.

अश्दोदकर

इस्राएलहून राम राम, शालोम. आईवडील पनवेलचे, मी इथलाच, मराठी घरात शिकलो, सांभाळून घ्या.

शनवारतेली काका, "लांबच राहतो" म्हणालात, पण तुम्ही रोज जवळ जाता! शावुओत सणाच्या पहिल्या दिवशी हाच अध्याय सिनेगॉगमध्ये सगळ्यांसमोर मोठ्याने वाचतात. मिश्नात वाचू नये असं एक मत आहे, रब्बी यहूदा परवानगी देतात, आणि रूढी यहूदांच्या बाजूने गेली. लहान पोरं, झोपाळू म्हातारे, सगळे ऐकतात, कुणी जळत नाही.

आणि रोजच्या अमिदा प्रार्थनेत पाय जुळवून उभं राहतो ते कशावरून? "त्यांचे पाय सरळ पाय होते", यहेज्केल, पहिला अध्याय, सातवी ओळ. तालमुदात तसं सांगितलंय. मग तिच्यातला कदुशा, म्हणजे पवित्रतेचा घोष, येतो. "कादोश, कादोश, कादोश" (पवित्र, पवित्र, पवित्र) म्हणताना पाय जुळलेलेच ठेवून तीनदा टाचा उचलायच्या. इथे सगळ्या रांगेच्या टाचा एकदम वर जातात आणि जुन्या लाकडी फळ्या करकरतात. त्यानंतरची ओळ, "परमेश्वराचं तेज त्याच्या स्थानातून धन्य असो", ती यहेज्केलच्या तिसऱ्या अध्यायातली. म्हणजे आपण त्या प्राण्यांसारखे उभे राहतो आणि त्यांचंच गाणं म्हणतो. अर्थ सांगायला मनाई असेल, नक्कल करायला नाही.

वसईचा_केळीवाला

अश्दोदकर, क्या बात है! मिस्सेतही त्याच जागी "पवित्र, पवित्र, पवित्र" येतं, यशयाचं, आणि त्याआधी फादर म्हणतात की आपण देवदूतांच्या सुरात सूर मिळवू या. यहेज्केलची ओळ आमच्याकडे नाही. तिथे "होसान्ना" येतं.

नगरची_मावशी

हे सगळं वाचून एक वाटलं. खिडकीतलं चित्र, रंबमचे गोल, वडिलांची चाकं, हे सगळे अर्थ लावणारे. टाचा उचलणारा अर्थ लावतच नाही. मला तेच जास्त पटतंय, आणि आमच्याकडे तेवढंच नाही.

टेकडीवरचा

मावशी, असहमत. टाचा उचलणं हाही अर्थच आहे, आणि तोही नंतर रचलेला. यहेज्केल स्वतः काय करतो? पालथा पडतो. आवाज त्याला सांगतो, मानवपुत्रा, पायांवर उभा राहा. उभं राहणं दुसऱ्या अध्यायातलं आहे, पहिल्यात तो जमिनीवर आहे.

संपादक

धागा चांगला चालला आहे. विमानाबाबतचे दोन प्रतिसाद वेगळ्या धाग्यावर हलवले आहेत. उडती_तबकडी, कृपया नोंद घ्या.

उडती_तबकडी

माझे प्रतिसादही स्वर्गारोहण करतात. असो.

ऋतुगंधा

सगळ्यांचे आभार, एवढं अपेक्षित नव्हतं. पहिल्या प्रश्नाकडे येते. केळीवाल्यांनी दाखवलेला प्रकटीकरणाचा दुवा पटला. सिंहासन, प्राणी, गाणं हे सगळं एका ज्यू दर्शनातून दुसऱ्या दर्शनात सरकलंय, त्याला चिकटवणं म्हणता येणार नाही. पण चार शुभवर्तमानांचं गणित मला अजूनही वकिली युक्तिवाद वाटतो. इरेनेयसला चारच हवी होती, म्हणून चार शोधले. आणि "चाकात चाक म्हणजे जुन्यात नवं" याला माझा विरोध कायम आहे. ज्या माणसाचं घर, मंदिर, देश गेला त्याला दिलासा म्हणून आलेलं दर्शन, त्यातून त्याच्याच लोकांना खालच्या पायरीवर बसवायचं, हे मजकुराच्या विरुद्ध जातं. रंबमबद्दलही टेकडीवरच्यांशी सहमत, पण त्याच्या गोलांनी कुणाचं काही हिरावून घेतलं नाही. फरक आहे तो तिथे.

वसईचा_केळीवाला

इरेनेयसबद्दल भांडत राहीन. दुसऱ्या मुद्द्यावर नाही.

अडाणी_आनंदी

माझी एक बाळबोध शंका. यशयालाही सिंहासन दिसलं ना? मग तो चार ओळींत आटपतो आणि यहेज्केल अख्खा अध्याय भरतो, असं का?

शनवारतेली

याचं उत्तर तालमुदातच आहे, रव्वा या पंडिताचं. यहेज्केलने पाहिलं ते सगळं यशयानेही पाहिलं होतं. पण यहेज्केल म्हणजे राजाला पाहिलेला खेडूत, आणि यशया म्हणजे राजाला पाहिलेला शहरी.

बिनपगारी

म्हणजे यशया पुण्याचा. "हो, पाहिला राजा. त्यात काय."

पोथीबाज

आणि तरी शेवटी खेडूताचंच वर्णन दोन धर्मांना पुरलं. त्याचं पुस्तक बाद व्हायच्या बेतात होतं म्हणतात, तोरेशी, म्हणजे मोशेच्या नियमशास्त्राशी, जुळत नाही म्हणून. हनन्या बेन हिझकिया हा पंडित माडीवर तीनशे रांजण तेल घेऊन बसला आणि सगळी विसंगती सोडवूनच खाली उतरला.

अडाणी_आनंदी

तीनशे रांजण तेल! शनवारतेलींचा पूर्वज असणार.

शनवारतेली

😂 दर लावून दिलं असेल.

नगरची_मावशी

ऋतुगंधा, पुढचे दोन अध्याय वाचलेस का? दर्शन संपल्यावर त्याला आतून-बाहेरून लिहिलेली गुंडाळी खायला देतात. त्यात विलाप, शोक आणि आकांत लिहिलेला, आणि तोंडात मात्र मधासारखी गोड लागते. प्रकटीकरणाच्या दहाव्या अध्यायात योहानालाही खायला देतात, तिथे तोंडात गोड आणि पोटात कडू. तिथपासून नवा धागा काढ. या वेळी मत आधी सांगू नकोस.